घरातल्या दोन बाय दोनच्या तंबूसाठी एलईडी ग्रो लाइट कसा निवडावा

आमच्या सोसायटीच्या पश्चिमेला पुनर्विकासाचा बावीस मजली टॉवर उभा राहिला आणि गॅलरीत दुपारी दोन ते पाच पडणारे ऊन कायमचे गेले. कोथिंबीर शेलाटी होऊन आडवी पडू लागली, मिरचीला फूल येईना. शेवटी बेडरूममधल्या कपाटाशेजारी ६० बाय ६० सेंमी मापाचा, आतून चंदेरी अस्तर असलेला, झाडे वाढवायचा तंबू उभा केला आणि त्यात टांगायला दिवा घेतला तो खोक्यावरचा ‘१००० वॅट’ हा आकडा पाहून. घरी आणून प्लगला वीजमापक लावला तेव्हा तो दिवा प्रत्यक्षात ९८ वॅट घेत होता. खोक्यावरचा आकडा जुन्या सोडियम दिव्यांशी केलेल्या, कोणीही न तपासलेल्या ‘तुलने’चा होता. त्या जांभळ्या उजेडात मिरचीची पाने पिवळी पडत आहेत की हिरवी आहेत, हेही कळत नव्हते.

त्या खरेदीनंतर एवढे समजले की ‘तंबूला किती वॅट लागतात’ हा प्रश्नच उलटा आहे. पानांपर्यंत किती प्रकाश पोहोचायला हवा आणि तो पोहोचवताना खोलीत किती उष्णता येईल, हे दोन आकडे आधी काढावेत. वॅट त्यांतून आपोआप निघतात. मुंबईसारख्या उष्ण, दमट आणि चिंचोळ्या घरांच्या शहरात दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पहिली पायरी: पीक आणि तंबूचे माप

दिवा पाहण्याआधी तंबूत काय लावायचे आहे, ते कागदावर लिहावे. मायक्रोग्रीन (कोवळी असतानाच कापून खायची रोपे), पालेभाजी व पुदिन्यासारख्या वनस्पती आणि फळे धरणारी मिरची किंवा चेरी टोमॅटो अशा तीन गटांची भूक अगदी वेगळी असते. तिघांना एकाच तंबूत सुखाने नांदवता येत नाही. मिरचीला पुरेल एवढ्या उजेडात लेट्यूसची पाने कडवट होतात आणि लेट्यूसच्या उजेडात मिरची नुसतीच पाने काढत राहते.

तंबूची उंचीही याच वेळी मोजावी. बाजारात ६० बाय ६० सेंमीचा तंबू साधारण १४० सेंमी उंच मिळतो. त्यातून कुंडीचे २५ सेंमी, दिवा व दोऱ्यांचे १५ सेंमी आणि दिवा व शेंडा यांमधील किमान ३० सेंमी वजा केले, तर झाडाला वाढायला ७० सेंमी उरतात. मिरचीची बुटकी जात तेवढ्यात बसते. उंच वाढणारा टोमॅटो बसत नाही आणि त्यासाठी दिवा कितीही भारी घेतला तरी ही अडचण सुटत नाही.

दुसरी पायरी: प्रकाशाचा हिशेब

घरगुती बल्बच्या खोक्यावर लुमेन लिहिलेले असतात. लुमेन हे माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचे माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट पिवळ्या रंगाला सर्वांत संवेदनशील असतो, पण झाडाला ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील फोटॉनांची संख्या हवी असते. दिवा दर सेकंदाला असे किती फोटॉन बाहेर टाकतो, ते पीपीएफ या नावाने मायक्रोमोलमध्ये (मोल या मोजणीच्या एककाच्या दहा लाखाव्या भागात) सांगतात. त्यांपैकी एक चौरस मीटर पानांवर दर सेकंदाला किती पडतात, ते पीपीएफडी. तेवढ्याच जागेवर दिवसभरात पडलेल्या एकूण फोटॉनांची बेरीज म्हणजे डीएलआय आणि ती मोलमध्ये मोजतात. पहिला आकडा दिव्याचा आहे, दुसरा जागेचा आहे आणि तिसरा झाडाच्या दिवसभराच्या जेवणाचा आहे.

मायक्रोग्रीनला दिवसाला ६ ते ८ मोल पुरतात, मेथी, लेट्यूस, पुदिना, बेसिल यांना १२ ते १४ आणि मिरचीला २० ते २५ मोल द्यावेत. दिवा रोज १४ तास चालणार असे धरले, तर पीपीएफडी काढण्यासाठी मोलला ०.०५०४ ने भागावे. हा भाजक १४ तासांतल्या सेकंदांतून येतो. त्यानुसार मायक्रोग्रीनसाठी साधारण १४०, पालेभाजीसाठी २४० आणि मिरचीसाठी ४५० मायक्रोमोल ही लक्ष्ये मिळतात. कोथिंबिरीचा अपवाद लक्षात ठेवावा, कारण उष्णता आणि लांब दिवस मिळाला की ती पटकन फुलावर येते. तिला २५० मायक्रोमोल देऊन दिवा १२ तासांवरच थांबवावा.

आता तंबूचे क्षेत्रफळ घ्यावे. ६० बाय ६० सेंमी म्हणजे ०.३६ चौरस मीटर. मिरचीसाठी ४५० गुणिले ०.३६ केल्यावर १६२ येतात. भिंतींवर, कोपऱ्यांत आणि कुंड्यांच्या फटींत साधारण पाचवा हिस्सा वाया जातो असे धरून १६२ ला ०.८ ने भागले की सुमारे २०० मायक्रोमोल प्रतिसेकंद एवढ्या पीपीएफचा दिवा हवा, हे उत्तर मिळते. पालेभाजीसाठी हेच उत्तर १०८ आणि मायक्रोग्रीनसाठी ६३ येते.

वॅट इथे येतात. एका ज्यूल विजेतून दिवा किती मायक्रोमोल देतो, ही त्याची कार्यक्षमता. चांगल्या पांढऱ्या डायोडांचा (एलईडीच्या उजेड देणाऱ्या ठिपक्यांचा) दिवा आज २.५ किंवा त्याहून अधिक देतो, तर स्वस्त जांभळे दिवे १.३ च्या आसपास रेंगाळतात. त्यामुळे मिरचीच्या त्याच २०० मायक्रोमोलसाठी एक दिवा सुमारे ८० वॅट घेतो आणि दुसरा १५५ वॅट. रोज १४ तास आणि महिन्याचे ३० दिवस धरले, तर पहिल्याची महिन्याला ३४ युनिटे होतात आणि दुसऱ्याची ६५. बेस्ट असो, अदानी असो, टाटा पॉवर असो वा महावितरण, घरगुती बिलात स्लॅब असतात आणि ही वाढीव युनिटे तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग स्लॅबमध्येच जाऊन पडतात. हिशेब करताना बिलावरचा सरासरी दर घेऊ नये. शेवटच्या स्लॅबचा दर घ्यावा आणि त्यावर वहन आकार व करही धरावेत.

ज्यांना फक्त मायक्रोग्रीन उगवायची आहेत, त्यांनी एक स्वस्त मार्ग अवश्य पाहावा. १० वॅटची दोन फुटी साधी पांढरी एलईडी बॅटन साधारण १००० लुमेन देते. पांढऱ्या एलईडीसाठी लुमेनला ७० ने भागले की पीपीएफचा ठोकळ अंदाज मिळतो, म्हणून एका बॅटनमागे सुमारे १४ आणि चार बॅटन मिळून ५७ मायक्रोमोल येतात. ट्रेपासून १५ ते २० सेंमीवर टांगलेल्या अशा चार बॅटन मायक्रोग्रीनला जवळपास पुरतात, त्या मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, सहज मिळतात आणि एक बिघडली तर बाकीच्या तीन चालू राहतात. त्यासाठी ‘ग्रो’ हा शब्द छापलेला महाग दिवा घेण्याचे कारण मला दिसत नाही.

तिसरी पायरी: उष्णतेचा हिशेब

एलईडी थंड असते हा समज अर्धवट आहे. दिव्याने घेतलेल्या विजेचा थोडा भाग ड्रायव्हरमध्ये (डायोडांना हवी तशी वीज पुरवणाऱ्या डबीत) आणि बराच डायोडमध्ये लगेच उष्णता होतो. उरलेला भाग प्रकाश म्हणून बाहेर पडतो खरा, पण पानांवर, मातीवर आणि अस्तरावर शोषला गेल्यावर तोही जवळजवळ सगळा उष्णताच होतो. म्हणून ८० वॅटचा दिवा बंद तंबूत ८० वॅटचा हीटरच आहे. निवांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, हे लक्षात घेतले तर दहा बाय दहाच्या खोलीत तंबू लावणे म्हणजे दिवसातले १४ तास एक जास्तीचा पाहुणा ठेवण्यासारखे आहे. १५५ वॅटचा दिवा लावला, तर पाहुणे दीड होतात. एसी चालू असेल, तर हे ओझेही त्यालाच बाहेर काढावे लागते आणि विजेचा खर्च दोनदा होतो.

तंबूत खोलीपेक्षा ३ अंशांहून अधिक तापमान वाढू नये असे ठरवले, तर ८० वॅटसाठी ताशी सुमारे ८५ घनमीटर हवा तंबूतून बाहेर जावी लागते आणि १५५ वॅटसाठी सुमारे १६० घनमीटर. चार इंची इनलाइन (हवेच्या नळीत बसवायचा) पंखा पहिले काम हळू वेगावर, फारसा आवाज न करता करतो. दुसऱ्या कामासाठी तो पूर्ण वेगात घोंघावत ठेवावा लागतो आणि त्याच खोलीत आईवडील किंवा मुले झोपत असतील, तर आठवडाभरात तंबू बंद करण्याचा निर्णय घरात बहुमताने होतो. कार्यक्षम दिव्यासाठी जास्त मोजलेले पैसे असे वीज, पंखा आणि झोप या तिन्हींत परत येतात.

पंखा काहीही केले तरी तंबू खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात दुपारी खोलीच ३३ अंशांवर असते आणि तंबू ३६ वर जातो. लेट्यूसला आणि कोथिंबिरीच्या बीला हे सोसत नाही, मिरचीचीही फुले गळू लागतात. यावर सर्वांत सोपा आणि फुकट उपाय म्हणजे झाडांचा दिवस आपल्या रात्री करावा. दिवा संध्याकाळी सात ते सकाळी नऊ चालवला, तर दुपारच्या उन्हाच्या तासांत तंबू अंधारात राहतो.

पावसाळ्यात हेच वेळापत्रक वेगळ्या कारणाने उपयोगी पडते. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि तेव्हापासून सप्टेंबरपर्यंत घरातली हवाही कुंद असते. बाहेरची हवा २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची असताना दिव्याने ती ३१ अंशांपर्यंत तापवली, तर तेवढीच वाफ असूनही आर्द्रता सुमारे ७२ टक्क्यांवर येते. (झाडांच्या पानांतून निघणारी वाफ यात धरलेली नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा वर राहतो.) मे महिन्यात नकोशी वाटणारी उष्णता जुलैत भुरी आणि रोपे कोलमडवणाऱ्या बुरशीपासून थोडे संरक्षण देते. हवा सर्वांत दमट असते त्या रात्रीच्या तासांतच ती मिळते. दिवा बंद असतानाही पंखा हळू वेगावर चालू ठेवावा.

चौथी पायरी: रंग

पानांतील हरितद्रव्य लाल आणि निळा रंग अधिक शोषते, या शाळेतल्या वाक्यावर जांभळ्या दिव्यांचा सगळा धंदा उभा राहिला. पण के. जे. मॅक्री यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत २२ वनस्पतींची पाने हिरव्या प्रकाशावरही बऱ्यापैकी प्रकाशसंश्लेषण करतात, हे स्पष्ट दिसले होते. शिवाय हिरवा प्रकाश वरच्या पानांतून झिरपून खालच्या पानांपर्यंत पोहोचतो. आज समंजस निवड म्हणजे ३००० ते ४००० केल्विन रंगछटेचे पांढरे डायोड आणि त्यांच्यात मिसळलेले ६६० नॅनोमीटरचे काही लाल डायोड. पांढऱ्या डायोडच्या पोटात निळी एलईडीच असते, त्यामुळे रोप आटोपशीर ठेवण्यापुरता निळा रंग त्यातून मिळतोच. अतिनील आणि ७३० नॅनोमीटरच्या गडद लाल डायोडांसाठी छोट्या तंबूत जास्त पैसे देऊ नयेत. गडद लाल अधिक झाला तर रोपे उंच ताणली जातात आणि आपल्याकडे उंचीचीच टंचाई आहे. पांढऱ्या प्रकाशाचा आणखी एक फायदा रोजचा आहे: पिठ्या ढेकूण, भुरी किंवा पिवळी पडलेली शीर डोळ्यांना वेळेवर दिसते.

पाचवी पायरी: बांधणी, ड्रायव्हर आणि खारी हवा

चौकोनी तंबूला चौकोनी पाटी किंवा समांतर पट्ट्यांचा दिवा घ्यावा. एकाच भिंगातून झोत टाकणारा दिवा मध्यभागी पाने जाळतो आणि कोपरे उपाशी ठेवतो. मानेने वाकवायचे चिमट्याचे छोटे दिवे टेबलावरच्या एका कुंडीपुरतेच आहेत.

ज्यात स्वतःचा छोटा पंखा बसवलेला आहे असा दिवा मी मुंबईत घेणार नाही. समुद्रावरची खारी, धुळकट हवा असे पंखे लवकर खाते आणि पंखा बंद पडल्यावर डायोड तापून जातात. जाड ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या पाटीवर) आपोआप थंड होणारा दिवा बघावा. ड्रायव्हर सुटा करून तंबूबाहेर टांगता आला तर उत्तम, कारण त्याची उष्णता तंबूत येत नाही, तो ओलाव्यापासून दूर राहतो आणि डायोडांपेक्षा बहुधा तोच आधी बिघडत असल्याने बदलणेही सोपे जाते. डायोडांवर पारदर्शक जलरोधक लेप आहे ना, ते पाहावे. जोडणीचे स्क्रू आणि टांगण्याचे आकडे स्टेनलेस असावेत, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंजतात.

उजेड कमीजास्त करणारे बटण आवश्यक समजावे. मिरचीच्या ८० वॅटसाठी १०० वॅटचा दिवा घेऊन तो ८० टक्क्यांवर चालवला, तर डायोड थंड राहतात, कार्यक्षमता किंचित वाढते आणि तोच दिवा उद्या मेथीसाठी ४५ टक्क्यांवर वापरता येतो. आयुष्याचा आकडाही याच ठिकाणी वाचावा. एल-७० म्हणजे ५०,००० तास असे लिहिले असेल, तर तेवढ्या तासांनी दिवा मूळ उजेडाच्या ७० टक्क्यांवर येतो. रोज १४ तासांनी हे जवळपास दहा वर्षे होतात, पण ३० टक्के कमी उजेडात मिरची धरत नाही, म्हणून एल-९० चा आकडा मागावा.

सहावी पायरी: वीजजोडणी

१०० वॅटचा दिवा आणि पंखा मिळून घरातल्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर अगदी हलका भार होतो. धोका भाराचा नाही, पाण्याचा आहे. तिसऱ्या पिनला खरोखर अर्थिंग पोहोचते का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, कारण जुन्या चाळींत आणि इमारतींत अर्थिंगचे भोक नुसते शोभेला असू शकते. परदेशी दिव्याबरोबर वेगळ्या पिनांचा प्लग येतो आणि त्यावर दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला की अर्थिंग तुटते. त्याऐवजी प्लगच बदलावा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घरात नसेल, तर दिव्याआधी तो बसवावा. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नये, भिंतीला वर लावावा. वायर पॉइंटच्या खाली झोळासारखी लोंबू द्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी गळते आणि सॉकेटमध्ये जात नाही.

टायमर यांत्रिक घेतला तर वीज गेल्यावर तो जागेवरच थांबतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज काही तास गेली होती. अशा दिवसानंतर त्याची तबकडी हाताने पुढे फिरवावी लागते. बॅटरीचा आधार असलेला डिजिटल टायमर ही कटकट वाचवतो.

सातवी पायरी: खरेदी

टायमर, वायर, आरसीसीबी आणि बॅटनसाठी लोहार चाळ, मोजमापाच्या उपकरणांसाठी लॅमिंग्टन रोड या मुंबईकरांच्या नेहमीच्या जागा आहेत. खरा ग्रो लाइट मात्र बहुतेक वेळा ऑनलाइन मागवावा लागतो आणि म्हणून पैसे भरण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारावे. प्लगपाशी प्रत्यक्ष वॅट किती, एकूण पीपीएफ किती, डायोडांचा व ड्रायव्हरचा निर्माता आणि मॉडेल कोणते, ६० बाय ६० सेंमीमध्ये कोणत्या उंचीवरचा पीपीएफडी नकाशा आहे, ड्रायव्हर सुटा मिळतो का आणि वॉरंटीत दिवा कुठे पाठवावा लागतो, ही उत्तरे हवीत. सॅमसंगचे एलएम३०१ मालिकेतील डायोड आणि मीन वेलचे ड्रायव्हर ही नावे जाहिरातींत फार दिसतात. ती चांगली आहेत, पण चांगला डायोडही पूर्ण क्षमतेवर रगडला तर कमी कार्यक्षम होतो, म्हणून नावापेक्षा एकूण दिव्याचा पीपीएफ भागिले वॅट हा आकडा धरावा. ‘समतुल्य वॅट’ एवढेच उत्तर आले, तर तो दिवा सोडून द्यावा. ड्रायव्हरवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ चालते असे लिहिलेले असावे आणि भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा.

आठवी पायरी: परत करण्याच्या मुदतीतली चाचणी

खोके फेकू नये. रिकाम्या तंबूत दिवा टांगून प्रथम प्लगचे वीजमापक लावावे आणि वॅट लिहून घ्यावेत. मग कुंड्यांच्या उंचीवर पुठ्ठा ठेवून त्यावर तीन बाय तीन असे नऊ चौकोन आखावेत आणि प्रत्येकात लक्समीटर (एका चौरस मीटरवर किती लुमेन पडतात ते मोजणारे उपकरण) ठेवावा. पांढऱ्या दिव्यासाठी लक्सला ७० ने भागले की पीपीएफडी मिळतो. म्हणजे मेथीला सुमारे १७,००० आणि मिरचीला ३१,००० लक्स दिसायला हवेत. मोबाइलमधील लक्स-ॲप चौकोनांची एकमेकांशी तुलना करायला चालते, पण त्याच्या आकड्यावर खरेदीचा निर्णय घेऊ नये. जांभळ्या दिव्याला तर हे मीटर लागूच पडत नाही, कारण ते डोळ्यासारखे हिरव्याला महत्त्व देते. कोपऱ्याचा आकडा मध्याच्या दोन तृतीयांशाहून खाली गेला, तर दिवा ५ सेंमी वर घेऊन पुन्हा मोजावे. मोजताना डायोडांकडे थेट पाहू नये.

त्यानंतर ठरलेल्या वेळापत्रकाने दिवा सलग दोन दिवस चालवावा आणि तंबूत एक, खोलीत एक असे दोन तापमान-आर्द्रता मापक ठेवावेत. फरक ३ अंशांपेक्षा जास्त आला, तर आधी पंख्याचा वेग वाढवून पाहावा, मग दिवा मंद करावा. तरीही जमले नाही, तर दिवा आपल्या खोलीसाठी मोठा आहे आणि तो परत करायची वेळ अजून गेलेली नसते.

रोपे आत आली की पहिले पाच दिवस उजेड ४० टक्क्यांवर ठेवावा आणि नंतर दर दोन दिवसांनी दहा टक्क्यांनी वाढवावा. पानांच्या कडा वर वळल्या किंवा शेंड्याची पाने फिकट पांढरी पडली, तर एक पायरी मागे यावे. दोन पेरांमधले अंतर लांबत गेले, तर एक पायरी पुढे जावे. ज्या जागी रोप दोन आठवडे समाधानी दिसेल, तिथे बटणावर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा, कारण झाडलोट करताना ते बटण कोणाच्या तरी हातून फिरतेच.